हाफूनचं खापर

आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि शाळा तर चौथीतच सुटली. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. सुनेच्या जुन्या डायरीत कोरी पानं राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घाला आणि माणूस तेवढा बघा.

माणूस म्हणजे इथे सिंगापुरात आमचे हौगांगचे शेजारी. आता आम्ही आंग मो किओला कॉन्डोत राहतो. इथे दाराबाहेर काही ठेवायला बंदी आहे. चपला घरात, छत्री घरात, कुंडी घरात. बाहेरची गॅलरी धुतल्यासारखी रिकामी. कधीकधी मी दार उघडते, त्या रिकाम्या जागेकडे बघते आणि परत लावून घेते. सून विचारते, "आई, कोणी आलं होतं का?" मी म्हणते, "नाही गं."

हौगांगची आमची इमारत जुनी, एचडीबीची, म्हणजे सरकारी. लांबलचक समाईक गॅलरी, एका बाजूला ओळीने दारं, प्रत्येक दारापुढे चपलांचा रॅक. ते शेवटच्या घरात एकटेच राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. जहाजावर वायरलेसवाले होते, म्हणजे तारायंत्रावर निरोप घ्यायचे नि पाठवायचे. नोकरी संपली, बायको गेली, मूल नव्हतं, आणि ते सिंगापूरलाच राहिले. पांढरी हाफ पँट, कॅनव्हासचे बूट, आणि डोकं नेहमी जरा एका बाजूला कललेलं, लांबचं काही ऐकत असल्यासारखं.

ते कुणाला "कसे आहात" म्हणून विचारत नसत. "वारं कसं आहे?" असं विचारायचे. साखरेला साखर म्हणत नसत, वेताचा मध म्हणायचे. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधल्या, चहावाल्याला रोज इंग्रजीत सांगायचे, वेताचा मध घालू नकोस. तो मान हलवायचा आणि भरपूर साखर घालायचा.

आणि गॅलरीतल्या दारांना त्यांनी बंदरांची नावं दिली होती. लिफ्ट म्हणजे मिसर देश, इजिप्त. तिथून निघालं की चिनी आंटीचं दार ते मालाओ. आमचं ते मुंडुस. आणि त्यांचं स्वतःचं, टोकाचं, ते ओपोनी. पोस्टमन आला तर म्हणायचे, "ओपोनीला काही आहे का?" चिनी आंटी कपाळावर बोट फिरवून हसायची, "अंकल सियाओ, लाह." सियाओ म्हणजे वेडा.

हे सगळं सोमाली लोकांच्या किनाऱ्याचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी मिसरात राहणारा कुणी एक ग्रीक व्यापारी त्या किनाऱ्याने गेला आणि कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, तिथली माणसं कशी, ते लिहून ठेवून गेला. त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. मालाओची माणसं शांत, असं त्याने लिहिलंय. मुंडुसचे व्यापारी भांडखोर. आमच्या दाराला ते नाव का मिळालं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला फार लाज वाटली. मुलाचं नि सुनेचं त्या दिवसांत रोज वाजायचं, आणि आवाज गॅलरीभर जायचा.

मी मुलाच्या संसाराला मदत म्हणून आले होते. नात लहान होती. मुलगा वन-नॉर्थला कंपनीत, सून बँकेत. दिवसभर मी आणि नात. मला इंग्रजी येत नाही, आणि मराठीतही अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. लहानपणापासूनच तशी. नवरा होता तेव्हा तो बोलायचा.

त्या वर्षी संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले. शेजारी मराठी माणूस आहे, द्यायला हवेत. पण बेल वाजवायचा धीर होईना. म्हणून बशी त्यांच्या रॅकवर ठेवली आणि पळून आले.

दुपारी बशी आणायला गेले तर लाडू तसेच. शेजारी दालचिनीची एक कांडी. मला वाटलं, आवडले नाहीत वाटतं, कुणाची तरी कांडी तिथे पडली असेल. हात न लावता परत आले. संध्याकाळी बघते तर दालचिनीशेजारी खजुराची पुडी. मी घाबरले. परक्याची वस्तू कशी उचलायची? परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माशांचा डबा. दुपारी एक नवी कोरी छत्री. लाडू मात्र जागचे हलले नव्हते. मी लांबूनच बघत उभी होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"अहो बाई, आता आणखी काय हवं? घर लिहून देऊ?"

मी दोन पावलं मागे सरकले.

"जन्मभर बंदरं फिरलो, पण इतका कडक व्यापारी पाहिला नाही. छत्री ठेवली तरी मान हलत नाही!"

मग त्यांनीच सांगितलं. सोमाली देशाच्या आत, लोबानाच्या मुलुखापलीकडे, अबोल व्यापार चालायचा म्हणे. तेही दुसऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. एकाने माल ठेवायचा आणि दूर व्हायचं. दुसऱ्याने येऊन शेजारी सोनं ठेवायचं, तोही दूर. पहिल्याला पटलं तर त्याने सोनं उचलायचं. नाही पटलं तर कशालाही हात लावायचा नाही, मग दुसरा सोनं वाढवतो. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाला फसवत नाही. मी लाडू ठेवून पळाले तेव्हा त्यांना वाटलं, ह्या बाईला हे ठाऊक आहे! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी अबोल व्यापार करायला आलं होतं. आणि मी काही उचलत नव्हते, म्हणून ते बापडे वाढवत चालले होते.

मी दालचिनी उचलली. फक्त दालचिनी. ते हसले. "झाला सौदा."

तेव्हापासून आमचं तसंच सुरू झालं. मी थालीपीठ ठेवायची, ते लिंबं ठेवायचे. मी भाकरी नि वांग्याचं भरीत ठेवलं तर ते नातीसाठी शंख-शिंपले ठेवायचे. बोलायचं काम नाही. ह्या देशात आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणाची तरी भाषा पुरती येत होती.

मी सोपाऱ्याची, हे त्यांना नातीने सांगितलं. ते ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला.

"सोपारा! वसईजवळचं? अहो, तुमच्या गावाचं नाव त्या बंदरं लिहिणाऱ्या ग्रीकाने लिहिलंय! आणि मी तुम्हाला मुंडुसला बसवलं!"

मी म्हटलं, "आमच्या सोपाऱ्यात काय आहे? केळी, पानवेली आणि आता नुसत्या बिल्डिंगा."

"काय आहे? तुमच्या बाजूच्या किनाऱ्यावरून गलबतं सुटायची आणि समुद्र ओलांडून त्या सोमाली बंदरांत जायची. तांदूळ, गहू, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि वेताचा मध. तुमचं तूप खाऊन वाढलेत ते लोक, सोपारकरीणबाई."

त्या दिवसापासून मी सोपारकरीण. माहेर सुटल्यापासून मला माहेरच्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

त्यांचा वर्षाचा हिशोबही वाऱ्याचा होता. जुलै आला की म्हणायचे, मिसरातून ग्रीकांची जहाजं निघाली. दिवाळीनंतर इथे पाऊस धरायचा, तेव्हा गॅलरीच्या कठड्याला टेकून म्हणायचे, "ईशान्येचं वारं लागलं. तुमची माणसं आता शिडं चढवत असतील." मीही मग कठड्याशी उभी राहायची. समोर नुसत्या इमारती, वाळत घातलेले कपडे आणि खाली बसचा थांबा. पण मला आमच्या खाडीचा वास आल्यासारखं व्हायचं.

त्या सोमाली व्यापाऱ्यांचं त्यांना भारी कौतुक. दालचिनी त्या देशात पिकत नाही. ती इकडून, पूर्वेकडून जायची. पण ग्रीकांना वाटायचं, ती तिथलीच. "कितीतरी पिढ्या गिऱ्हाइकाला मालाचं गाव कळू दिलं नाही! ह्याला म्हणतात व्यापारी," म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघून, "तुमच्याखालोखाल."

एकदा मुलाने त्यांना जेवायला बोलावलं. मुलाचे पुण्याचे दोन मित्र आले होते. त्या वर्षांत सोमाली चाच्यांच्या बातम्या सारख्या यायच्या. एक मित्र म्हणाला, "काका, तुम्ही तर ओळखत असाल त्यांना. काय, हप्ता वगैरे द्यायचात का?" दुसरा म्हणाला, "संस्कृती कसली आलीय त्यांची! बंदुका नि होड्या."

ते जेवता जेवता थांबले. हात धुतला. आवाज न चढवता म्हणाले, "त्यांचं मीही चोरलंय. आधी ते परत करतो, मग त्यांना चोर म्हणेन." आणि निघून गेले. ताटात वरणभात तसाच. मुलगा नंतर म्हणाला, "सर्किट आहे म्हातारा." मला मात्र ते चोरलंय म्हणाले तेव्हाचा त्यांचा चेहरा विसरता येईना.

दुसऱ्या दिवशी मी शिरा ठेवला. बदल्यात रॅकवर माइलोचा, चॉकलेटच्या पावडरीचा, जुना डबा आला. उघडला तर आत लोकरीचा मोजा, मोज्यात तळहाताएवढं खापर. लालसर, कडेला वाकलेलं, घागरीच्या गळ्याचं असावं तसं. मी उचललं नाही. दार उघडलं, आणि ह्या वेळी त्यांनी मला आत बसवून सांगितलं.

तरुणपणी त्यांचं जहाज बिघडून सोमाली किनाऱ्याला लागलं होतं. समुद्रात जिभेसारखी बाहेर आलेली जमीन, हाफून तिचं नाव. पाण्यासाठी होडी गेली तिच्यात हेही गेले. तिथे वाळूत खापरं दिसली. एक उचलून खिशात घातलं. गंमत म्हणून. पुढे त्यांच्या वाचण्यात आलं की त्याच हाफूनला शास्त्रज्ञांनी खोदलं आणि तिथे परदेशी भांड्यांची खापरं निघाली. मिसराकडची, इराणकडची, हिंदुस्थानची. म्हणजे त्या ग्रीकाने ओपोनी म्हणून लिहिलं ते बंदर हेच असणार, तो थापा मारत नव्हता, हे त्या फुटक्या मडक्यांनी सांगितलं.

"मग तुमचंही त्यातलंच?" मी विचारलं.

"तेच तर. इथल्या एका विद्वान बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, कुठे पडलं होतं, किती खोल, शेजारी काय होतं? मला काही सांगता येईना. मग म्हणाल्या, अंकल, जागेवरून उचललं की खापर फारसं काही सांगू शकत नाही." त्यांनी खापर मोज्यात घातलं. "साक्षीदार होता, सोपारकरीणबाई. दोन हजार वर्षं वाट बघत बसलेला. मी त्याला मुका केला. मरण्याआधी हे परत तिथे गेलं पाहिजे, एवढंच राहिलंय."

पण जाणार कसं? त्या वर्षांत तिकडे कोण जाणार? जहाजावरचे जुने सोबती हसले. टपालाने पाठवायला पत्ता नाही. ते थकत चालले होते, आणि मोजा डब्यात पडून होता. एकदा तर म्हणाले, "तुम्हीच घेऊन जा सोपाऱ्याला. तुमच्याकडच्याच मातीचं असेल कदाचित." मी डबा परत रॅकवर ठेवला. का, ते मलाही सांगता आलं नसतं तेव्हा.

पुढच्या वर्षी मालाओत, म्हणजे चिनी आंटीकडे, एक मुलगी भाड्याने राहायला आली. उंच, डोक्यावर रुमाल, हसरी. बंदराच्या कामाचं शिकायला आलेली. आंटी म्हणाली, सोमालियाची आहे.

सगळ्या गॅलरीशी बोलणारा हा माणूस, पण ती आल्यापासून त्यांची वाचाच बसली. ती लिफ्टकडून येताना दिसली की आत पळायचे. एक दिवस मला म्हणाले, "तुम्ही बोला ना तिच्याशी."

"मी? दादा, मला इंग्रजी येत नाही. मला तर मराठीतही जमत नाही."

"मला धीर होत नाही हो. ती नाही म्हणाली तर मग पुढे कुणी नाही."

तरी गेले. हातात लाडू घेऊन. तिने दार उघडलं, माझ्याकडे, लाडवांकडे बघितलं आणि म्हणाली, "नमस्ते आंटी! अंदर आइये!" तिच्या देशात हिंदी सिनेमे फार बघतात, आई-मावश्या सगळ्या हिंदी समजतात, हे मला तेव्हा कळलं. तिची हिंदी सिनेमातली, माझी सोपाऱ्याच्या बाजारातली. छान जमलं. मी विचारलं, हाफून माहीत आहे का? तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "मेरी नानी का गांव है."

तिची नानी अजून तिथे होती. मोठ्या भूकंपानंतर त्सुनामी येऊन समुद्र गावात शिरला तेव्हा म्हातारी धावत उंचावर गेली म्हणून वाचली. घरं गेली. ही इथे आल्यापासून एकदाही परत गेली नव्हती. तिकीट परवडत नव्हतं.

मी तिला ओपोनीला घेऊन गेले. ते उभेच होते. त्यांनी मोजा पुढे केला, खापर काढलं आणि इंग्रजीत पुष्कळ बोलले, थांबत थांबत. तिने खापर दोन्ही हातांत धरून उन्हात नेलं. मग मला हिंदीत म्हणाली, "अंकल बोलते हैं ये आपके गांव का हो सकता है. तो आप रखिये ना, आंटी."

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, त्या माणसासमोर मी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते.

"आमचं असेलही, दादा. पण ते विकलेलं आहे. तिथल्या कुणा बाईने लोबान देऊन तुपाची घागर घेतली असेल. तूप संपलं, घागर तिने पाण्याला ठेवली असेल, मग कधीतरी फुटली असेल. घर तिचं. विकलेली घागर आम्ही परत कशी मागणार?"

ते खाली बसले. रुमालाने चष्मा पुसत राहिले. मुलीने त्यांना विचारलं, आंटी काय म्हणाल्या? त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं, आणि ती हसली, डोळे भरले होते तरी.

तिकिटाचे पैसे त्यांनी तिच्या रॅकवर ठेवले. तिने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाढवले. तिने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "अंकल, मैं सौदा नहीं कर रही! उधार लूंगी, पूरा वापस करूंगी. दान नहीं."

"उधार, उधार," ते घाईघाईने म्हणाले. मग मला हळूच, "बघितलंत? ग्रीकाने हे लिहायला हवं होतं."

ती डिसेंबरात खापर घेऊन हाफूनला गेली. ईशान्येच्या वाऱ्यावर, ते म्हणाले, घागर गेली असेल त्याच वाऱ्यावर. ती गेली आणि ते आजारी पडलेच. हॉस्पिटलात मुलगा मला घेऊन जायचा. सर्किट म्हणणारा माझा मुलगा त्यांचे पाय दाबायचा. तिचा फोन लागत नव्हता. ते प्रत्येक वेळी विचारायचे, "वारं कसं आहे?" मी म्हणायची, "चांगलं आहे, दादा." मग डोळे मिटून म्हणायचे, "म्हणजे पोचली असेल."

शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ती पैसे आणेल. आणल्याशिवाय राहायची नाही. माझ्या वतीने तुम्ही उचला. उचलल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. नाहीतर तुम्ही बसाल नुसत्या बघत."

तिची काही खबर यायच्या आधीच ते गेले. मुंबईहून पुतणी आली, तिने घर आवरलं, दाराला कुलूप लागलं. चपलांचा रॅक मात्र बाहेर तसाच राहिला. त्यावर कॅनव्हासचे बूट.

संक्रांत आली. लाडू करताना सवयीने एक बशी वेगळी काढली गेली. आता काय करायची ती? शेवटी नेली आणि त्यांच्या रॅकवर ठेवली, बुटांशेजारी. घरी येऊन नातीला जेवायला घातलं.

दुपारी गेले तर बशीशेजारी एक लिफाफा होता. त्यावर सुगंधी डिंकाचा, लोबानाचा, पिवळसर खडा. आणि त्याच्याजवळ नीट घडी घातलेला लोकरीचा मोजा.

मी मोजा हातात घेतला, चाचपला. रिकामा होता. बोटांना जराशी वाळू लागली.

मालाओचं दार किंचित उघडं होतं. त्याच्या आड ती उभी असल्याचं मला दिसत होतं. बाहेर येत नव्हती, बोलत नव्हती. माल ठेवून दूर झाली होती. मी लोबानाचा खडा उचलला. लिफाफा उचलला. तशी ती हळूच आली, एक लाडू घेतला, आणि मग माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. नानीने स्वतःच्या हाताने खापर वाळूत ठेवलं म्हणाली. मामांनी डोंगरातला लोबान विकून तिकिटाचे पैसे उभे केले होते.

"पूरा है, आंटी. गिन लीजिये."

मी मोजले नाहीत. लिफाफा त्यांच्या पुतणीकडे पोचवला. तिने मोजून फोन केला, सगळे बरोबर आहेत म्हणाली. पैसे पुरते फिटले.